कापड महागले, म्हणून सुई ठेवून द्यावी का?

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या ५९ वर्षांच्या असून टपाल खात्यातून निवृत्त झाल्या आहेत. गेल्या सात वर्षांत त्यांनी १९ गोधड्या शिवल्या. इंटरनेटवरचा नमुना निवडायचा, त्याला लागेल तेवढे सुती कापड मोजून आणायचे, चौकोन-त्रिकोण कापून मशीनवर जोडायचे आणि मध्ये वॅडिंग (दोन थरांमधला मऊ भर) घालून हाताने धावदोरा घालायचा, अशी त्यांची पद्धत आहे. पूर्वी ज्या दुकानात त्यांना छापील सुती कापड १२० रुपये मीटरने मिळे, तेथेच आता २०० ते २१० रुपये मोजावे लागतात. शेवटच्या गोधडीचे सामान २,९०० रुपयांना पडले. यजमान रागावत नाहीत, पण "एवढ्यात दोन रजया आल्या असत्या" असे म्हणतात आणि ते वाक्य टोचते. मैत्रिणींच्या आग्रहावरून एक गोधडी २,५०० रुपयांना विकली. सामानाचा खर्च वजा जाता हाती ४०० रुपये उरले. सध्या एका गोधडीचा वरचा थर चार महिने तयार होऊन पडला आहे, कारण अस्तराच्या साडेचार मीटर कापडावर ९०० रुपये घालायला मन धजत नाही. "छंद थांबवावा, नियमित विक्री सुरू करावी, की स्वस्त सिंथेटिक कापडावर भागवावे?" असे त्यांनी विचारले आहे. ओघात आणखी दोन गोष्टी आल्या आहेत. कपाटाचे दोन कप्पे कापडाने भरलेले आहेत, "पण त्यात एकमेकांशी जुळणारे काही नाही", आणि "जुन्या कपड्यांची गोधडी तर कोणीही शिवते."

तुम्ही तीन पर्याय मांडले आहेत, परंतु माझे उत्तर मुख्यतः ओघात आलेल्या त्या दोन वाक्यांविषयी आहे. पर्यायांकडे मी शेवटी येते.

आधी भावाचा विषय संपवू, कारण "थोडे थांबले तर उतरेल" अशी आशा तुमच्या पत्रात कुठेतरी आहे. मे २०२२ मध्ये रुईच्या एका खंडीचा, म्हणजे ३५६ किलोंचा, भाव १ लाख रुपयांच्या वर गेला होता आणि पुढच्या दोन वर्षांत तो ६० हजारांच्या आसपास उतरला. तुमच्या दुकानातला भाव त्या प्रमाणात खाली आला का? आला नाही, आणि त्याचे कारण हिशेबात सापडते. ४४ इंच पन्ह्याच्या केंब्रिकच्या, म्हणजे हलक्या, घट्ट विणीच्या सुती कापडाच्या, एका मीटरचे वजन साधारण सव्वाशे ग्रॅम भरते. खंडी लाखावर असतानाही त्या मीटरभर कापडातली रुई, वाया जाणारा भाग धरून, ४०-४५ रुपयांची होती. बाकीचे पैसे सूतकताई, विणकाम, धुलाई, छपाई, रंग, वीज, वाहतूक आणि दुकानाचे भाडे यांचे असतात, आणि हे खर्च एकदा चढले की सहसा उतरत नाहीत. (कापड महागले म्हणून कापूस पिकवणाऱ्याच्या पदरात काही जास्त पडले असेही यावरून समजू नये.) तेव्हा दोनशे रुपये हाच आता भाव आहे असे धरून पुढचा विचार करावा.

आता तुमच्या पद्धतीविषयी. नमुना आधी निवडायचा आणि त्याला लागणारे कापड नंतर विकत आणायचे, हा क्रम तुम्ही व्हिडिओंमधून घेतला आहे. ज्या देशांत खास गोधडीसाठी छापलेले कापड तागेच्या तागे भरून विकले जाते, तेथील आजच्या छंदाचा तो क्रम आहे. त्यात काही वावगे नाही. तुमच्या १९ गोधड्या त्याच क्रमाने झाल्या आहेत आणि त्या सुंदर असतील याविषयी मला शंका नाही. पण या क्रमात प्रत्येक गोधडीची सुरुवात दुकानात होते, आणि नमुना पुरा झाल्यावर उरलेले अर्धा-पाऊण मीटर कापड पुढच्या नमुन्यात बसत नाही म्हणून कप्प्यात जाते. "जुळणारे काही नाही" असे जे तुम्ही लिहिले आहे, ते त्या कापडाचे वैगुण्य नव्हे. ते वेगवेगळ्या नमुन्यांसाठी आणलेले आहे, मग ते आपापसांत जुळणार कसे?

आपल्याकडची वाकळ शिवणाऱ्या बाईचा क्रम नेमका उलटा होता. हाताशी काय आहे ते आधी, त्यातून नक्षी नंतर. एक नऊवारी सुती लुगडे सुमारे आठ मीटर लांबीचे. त्याचे चार भाग करून दोन-दोन जोडले की एका गोधडीची खालची आणि वरची अशा दोन्ही बाजू निघत. मध्ये फाटकी धोतरे आणि चादरी जात, आणि वर जिथे विरले असेल तिथे ठिगळ पडे. नक्षी त्या ठिगळांची होई. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया आजही आपल्या कवंदीत, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीत, तुकडे आधी जोडून घेत नाहीत. ते थेट खालच्या थरावर ठेवून धावदोऱ्याने टाचत जातात. आणि ज्या अमेरिकेतून तुमचे नमुने येतात, तेथीलही एक उदाहरण घ्या. अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, आणि २००२ साली त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात व नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर मांडल्या गेल्या. त्यांच्यापुढे निवडायला तागे नव्हते. हाती असेल त्या निळ्या विजारीच्या गुडघ्यावरचा गडद चौकोनसुद्धा कुठे बसवायचा, हे त्यांना ठरवावे लागे.

म्हणून "जुन्या कपड्यांची गोधडी तर कोणीही शिवते" हे वाक्य मला मान्य नाही. छापील, जुळत्या रंगांचे कापड आणले की रंगसंगतीचे निम्मे काम कापडाच्या कारखान्यानेच केलेले असते. सात विजोड तुकड्यांतून एक गोधडी उभी करणे हे तुम्ही आतापर्यंत केलेल्या कामापेक्षा अवघड आहे. मात्र त्या वाक्यामागे आणखी एक गोष्ट असावी, आणि तिच्याविषयी मी तुम्हाला दोष देणार नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी वाकळ गरजेपोटी शिवली. नोकरी करून निवृत्त झालेल्या बाईला नवे कापड हौसेने विकत आणण्यात एक सुख असते, आणि ते सुख तुम्ही कमावलेले आहे. ते पूर्णपणे सोडा असे मी म्हणत नाही. सात वर्षांत तुमचे दोन छंद एकात एक मिसळले आहेत, कापड आणण्याचा आणि गोधडी शिवण्याचा. महागाईने मुख्यतः पहिल्याला गाठले आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

याचा पडताळा घरीच घेता येईल. दोन्ही कप्प्यांतले कापड काढून काट्यावर तोला. पाच इंची चौकोनांची, साठ बाय ऐंशी इंचांच्या आसपासची गोधडी धरली, तर शिवणीनंतर प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा उरतो, आणि आडवे १३ आणि उभे १८, असे २३४ चौकोन लागतात. केंब्रिकसारख्या कापडात त्यांचे एकूण वजन सव्वाचारशे ग्रॅमही भरत नाही. वरचा थर अर्ध्या किलोच्या आत होतो, हे बहुतेकींना खरे वाटत नाही. तुमच्या कप्प्यांत समजा चार किलो कापड निघाले आणि त्यातले एक किलो निकामी धरले, तरी उरलेल्यात सात गोधड्यांचे वरचे थर आहेत. तुमच्या गतीने ते दोन वर्षांहून अधिक काळाचे काम झाले.

विजोडपणावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे सगळ्या तुकड्यांमधून एकच साधा रंग फिरवणे. त्यासाठी परकराचे पॉपलीन उत्तम; ते कोणत्याही तालुक्याच्या गावी हव्या त्या रंगात मिळते आणि छापील कापडाच्या मानाने बरेच स्वस्त पडते. गडद निळा किंवा मातकट लाल घ्या आणि एकाआड एक चौकोन त्याचा लावा, म्हणजे बाकीच्या तुकड्यांचे आपापसांतले भांडण मिटते. दुसरा उपाय रंगाऐवजी गडद-फिक्याकडे पाहण्याचा. सगळे तुकडे जमिनीवर पसरून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढा; कोणता तुकडा गडद आणि कोणता फिका हे तेव्हा स्पष्ट दिसते. त्या दोन ढिगांनी नक्षी बांधली तर रंग कोणतेही चालतात.

तुकड्यांच्या आकाराकडेही लक्ष द्या, कारण शिवणीत जाणारे कापड आपण मोजतच नाही. चारी बाजूंनी पाव इंच शिवण धरली, तर तीन इंची चौकोनातले सुमारे ३० टक्के कापड शिवणीत दडते, पाच इंचीतले १९ टक्के आणि आठ इंचीतले १२ टक्केच. बारीक तुकड्यांची गोधडी काटकसरीची असते हा समज विकतच्या कापडाला लागू पडत नाही. ज्या चिंध्या एरवी फेकल्याच जाणार होत्या, त्यांनाच तो लागू आहे. दुकानातून आणलेल्या कापडाचे तीन इंची तुकडे करणे ही चैन आहे, आणि ती कधीतरी जरूर करावी, पण चैन म्हणूनच.

नव्या कापडाची आणखी एक खाण आपल्या प्रत्येक घरात असते, ती म्हणजे ओटीत आलेले ब्लाउजपीस. एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहणे एवढेच त्यांच्या नशिबी असते. ८० सेंटिमीटरच्या एका तुकड्यातून, पन्हा ३६ इंच असला तरी, पाच इंची ४२ चौकोन निघतात. म्हणजे सहा ब्लाउजपिसांत एका गोधडीचा पूर्ण वरचा थर होतो. अडचण एवढीच की त्यातले बरेचसे आता सुती नसतात. म्हणून प्रत्येकाच्या कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, वास तसाच येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गुठळी होते. ही परीक्षा विकतच्या चादरींनाही लावा. "ग्लेस कॉटन" नावाने स्वस्तात मिळणाऱ्या चादरी नावाने कॉटन असल्या, तरी बहुधा पॉलिएस्टरच्या असतात.

जुन्या साड्या आणि चादरी वापरायच्या ठरवल्या, तर कापण्यापूर्वी त्या उजेडासमोर धरून कुठे विरल्या आहेत ते पाहा आणि उभ्या व आडव्या दोन्ही दिशांनी ताण देऊन पाहा. साडीचा फॉलकडचा आणि निऱ्यांचा भाग आधी झिजतो. पदराकडचा आणि आत खोचला जाणारा भाग पुष्कळदा नव्यासारखा राहिलेला असतो. खळ पूर्ण धुऊन काढा. गडद तुकडे गरम पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर तासभर भिजवा. चिंधी रंगली तर तो तुकडा पुन्हा पुन्हा धुवा किंवा बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असे आपण सगळ्याच ऐकत आलो आहोत, पण तयार कापडातला सुटणारा रंग मिठाने बांधला जात नाही. आणि नवे कापड जुन्याबरोबर शिवायचे असेल तर ते आधी भिजवून आटवून घ्या. मी एकदा जुन्या चादरीवर न आटवलेला मांजरपाट लावला होता. पहिल्याच धुण्यात त्या गोधडीला अशा काही सुरकुत्या पडल्या, की आमच्या घरी तिचे नाव अजून "पापड" असे आहे.

आता तुमचे तीन पर्याय. सिंथेटिक कापडाचा सल्ला मी देणार नाही, आणि त्याला फार शब्दही खर्च करत नाही. ते सुईखाली सरकते, इस्त्रीला आक्रसते, घाम शोषत नाही, आणि तुमच्या हाताची शंभर तासांची मेहनत अशा वस्तूत जाते जी उन्हाळ्यात कोणी अंगावर घेणार नाही. त्या कापडाच्या पिशव्या शिवा.

विक्रीविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण मैत्रिणी हा सल्ला प्रेमाने देतात आणि छंद तिथेच मरतो. तुमच्या हाती उरलेले ४०० रुपये तासांनी भागून पाहिलेत, तर मजुरी तासाला पाच रुपयांच्या आसपास येईल. किंमत वाढवली तर गिऱ्हाईक मिळणार नाही. कमी ठेवली तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. ज्या बायका गोधडी शिवून घर चालवतात, त्यांचा भाव पेन्शनवर निर्धास्त असलेल्या आपल्यासारख्या बायका पाडतात. तरीही कापडाचा खर्च न करता शिवण्याचा आनंद हवा असेल, तर एक वाट आहे. लोकांना आपल्या आईच्या किंवा आजीच्या साड्यांची गोधडी हवी असते. कापड त्यांचे, दोरा आणि हात तुमचे. परिसरातल्या गोधडी शिवणाऱ्या बायका काय मजुरी घेतात ते आधी विचारा आणि त्यापेक्षा कमी कधीही घेऊ नका; स्वतःला जास्त काम झेपत नसेल तर आलेले गिऱ्हाईक त्यांच्याकडे पाठवा. अशा साड्या परत मिळण्यासारख्या नसतात, म्हणून कापण्यापूर्वी कुठला भाग वापरणार हे गिऱ्हाइकाला दाखवून त्याची संमती लिहून घ्या, आणि जुने रेशीम किंवा जर धुण्यात टिकणार नाही हे आधीच सांगा. वर्षाला एक, फार तर दोन अशी कामे घ्यावीत. तारखेच्या धाकाने शिवायला लागलात तर तुमची निवृत्ती पुन्हा नोकरीत बदलेल.

राहिला थांबवण्याचा पर्याय. त्यामागे यजमानांचे ते वाक्य आहे. त्यांचे म्हणणे खरे आहे हे मान्य करून टाका. त्या पैशांत दोन रजया येतात. पण तुम्ही पांघरुणाची गरज भागवत नव्हता, त्यामुळे गोधडी स्वस्त पडते हे त्यांना सिद्ध करून दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. वर्षाला तीन गोधड्या धरल्या, तर तुमचा आजचा खर्च ८,७०० रुपये होतो, म्हणजे महिन्याला सव्वासातशे. हा आकडा तुमच्या घराला जड आहे की नाही, हे मी येथून सांगू शकत नाही आणि कोणी सांगूही नये. माझी सूचना एवढीच, की आकडा तुम्ही ठरवा, महिन्याला तीनशे म्हणा की चारशे, तो पेन्शनमधून वेगळा काढा, आणि त्याच्या आत काय आणले याची चर्चा घरात करू नका. दुकानासमोर उभे राहून दर वेळी अपराधी वाटण्यापेक्षा हे बरे. ज्या वाचकांच्या घरी महिन्याचे शंभर रुपयेही निघणे कठीण आहे, त्यांनी शिंप्याकडची कात्रणे मागून आणावीत; बहुतेक शिंपी ती आनंदाने देतात, कारण ती टाकून देणे हीच त्यांची डोकेदुखी असते. कटपीस किलोवर मिळत असेल तर हलके सुती कापड एका किलोत आठ मीटरच्या आसपास भरते आणि जाड कापड चार-साडेचार मीटर, हे लक्षात ठेवून मीटरचा भाव काढावा, नाहीतर वजनाच्या स्वस्ताईत जाड कापड महागात पडते.

खर्च कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे सावकाश शिवणे. मशीनवर जोडलेला वरचा थर आठवड्यात संपतो आणि लगेच पुढच्या कापडाची ओढ लागते. तुकडे हातानेच टाचलेत आणि धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतराऐवजी अर्ध्या बोटाच्या अंतराने घातल्यात, तर तीच गोधडी दुप्पट दिवस पुरेल, अधिक टिकेल, आणि वॅडिंगऐवजी मध्ये जुन्या सुती साडीची दुहेरी घडी घातली तरी सुई सहज जाईल. वॅडिंगचे पैसेही वाचतील.

आणि ती चार महिने पडून राहिलेली गोधडी. तुम्ही अस्तराला साडेचार मीटर धरले आहेत, कारण ४४ इंची पन्ह्याच्या दोन लांब पट्ट्या उभ्या जोडण्याची सवय आहे. त्या आडव्या जोडा. साठ इंच रुंद आणि ब्याऐंशी इंच लांब गोधडीसाठी, कडेला दोन-दोन इंच जादा धरून, चौसष्ट इंचांचे दोन तुकडे पुरतात; एकावर एक जोडले की उंची सत्याऐंशी इंच मिळते. म्हणजे सव्वातीन मीटर कापड, आणि जोड पाठीमागे आडवा येतो एवढाच फरक. पण तेही विकत आणण्याआधी एकदा चादरींचा ढीग पाहा. मधोमध विरलेली सुती डबल बेडची चादर असेल, तर ती मधून उभी फाडून चांगल्या कडा मध्ये आणून जोडा आणि विरलेला भाग बाहेरच्या बाजूला गेल्यावर तेवढा कापून टाका. एका गोधडीचे अस्तर त्यातून निघते. ती सापडली, तर उद्या दुपारी ताणून टाचण्या लावायला हरकत नाही.